पोस्ट टाकतो, पण आधी काकींचं बोलू

पोस्ट मोठी आहे, सवड काढून वाचा.

परवा रात्री साडेदहाला मुरबाड तालुक्यातून एका पोराचा मेसेज आला. धसईच्या बाजूचं गाव. "दादा, काकांचं लिव्हर पूर्ण गेलंय, ट्रान्सप्लांट सांगितलंय. डोनर तयार आहे, फक्त पैशाचं अडलंय. तुमच्या पेजवर एक पोस्ट टाका ना." सोबत काकांचा हॉस्पिटलच्या खाटेवरचा फोटो, पंचवीस लाखांचं एस्टिमेट आणि क्यूआर कोड. अशा पोस्ट मी गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच टाकल्यात. शहापूर-मुरबाडची माणसं खिशात हात घालतात, हा अनुभव आहे.

मी विचारलं, "डोनर कोण आहे?"

"काकी."

"मग काकींचा फोटो नाही पाठवलास?"

दोन मिनिटं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "त्यांचा कशाला? त्या ठणठणीत आहेत."

पोराचं काहीच चुकलं नाही. चार वर्षांपूर्वी मीही असंच म्हटलं असतं. म्हटलं असतं काय, म्हटलंच होतं. ते सांगायलाच बसलोय. घरातली गोष्ट आहे, दादा आणि वहिनी दोघांना विचारून लिहितोय. वहिनी म्हणाल्या, "लिहा, पण माझं नाव नको. आणि फोटो तर नकोच नको."

माझा थोरला भाऊ आसनगावच्या एका कारखान्यात होता. दारू होती. लपवून काय करायचं, सगळ्या गावाला माहीत आहे. आधी कावीळ झाली, मग पायाला सूज आली, मग पोटात पाणी व्हायला लागलं. दर पंधरा दिवसांनी पाणी काढायला मुंबईला न्यायचं, म्हणजे पहाटेची कसारा लोकल, आणि परत येताना दादाला उभं राहवत नाही म्हणून लोकांना विनवण्या करून मिळवलेली सीट. एके दिवशी रक्ताची उलटी झाली तेव्हा दारू सुटली. सुटली ती सुटलीच, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. डॉक्टर म्हणाले, मेंदूमृत माणसाचं लिव्हर मिळावं म्हणून मुंबईच्या झेडटीसीसीच्या यादीत नाव घालू, पण नंबर कधी लागेल याची खात्री नाही. घरातलं कोणी देणारं असेल तर बघा.

घरातलं कोणी. आम्ही तीन भावंडं. ताईला डायबेटिस, ती बाद. दादाचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा, आणि अठराच्या आतल्याचं कायद्याने घेता येत नाही. राहिलो मी. रक्तगट जुळला. मी मोठ्या तोऱ्यात गेलो, तपासण्या केल्या, आणि सीटी स्कॅनमध्ये माझं लिव्हर फॅटी निघालं. डॉक्टर म्हणाले, असं लिव्हर दिलं तर घेणाऱ्यालाही धोका आणि देणाऱ्यालाही. रिपोर्ट हातात घेऊन लिफ्टमध्ये उभा होतो आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. हे आजवर कोणाला बोललो नव्हतो.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक वाक्य म्हटलं होतं. वजन कमी केलंत, दोन महिने नीट खाल्लंत-चाललात, तर चरबी उतरू शकते, परत बघू. हे वाक्य मी घरी सांगितलं, पण असं सांगितलं की ते कोणाला ऐकूच येऊ नये. दादाकडे दोन महिने नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. तसं डॉक्टर कुठेच म्हणाले नव्हते. ट्रान्सप्लांट प्रत्यक्षात झालं ते साडेतीन महिन्यांनी.

मग सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडे वळल्या. कोणी काही बोललं नाही. आईने एकदाच म्हटलं, "तिचा गट कोणता आहे?" ओ पॉझिटिव्ह. वय एकोणचाळीस, सडपातळ, कसला आजार नाही. हॉस्पिटलला हवी असते अगदी तशी डोनर.

त्या रात्री वहिनी भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहिती असते. मला काही झालं तर पोरांचं काय?"

मी म्हणालो, "काही होत नाही वहिनी. लिव्हर परत वाढतं. पालीची शेपटी वाढते ना, तसं."

पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं झाली होती. तलाठ्याच्या सहीपासून धरणाच्या दरवाजापर्यंत प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी विचारून मग छापायची, असं नव्या पोरांना शिकवतो. आणि माझ्याच घरातल्या बाईला मी पालीची शेपटी सांगितली.

लिव्हर वाढतं हे खरंच आहे. मोठ्या माणसाला द्यायचं असेल तर बहुतेक वेळा उजवा भाग काढतात, म्हणजे डोनरच्या लिव्हरचा साठ-पासष्ट टक्के. उरलेला तिसरा हिस्सा दीड-दोन महिन्यांत फुगून बराचसा आधीच्या आकारमानाला येतो. निसर्गाची कमालच म्हणायची. पण शेपटी तुटताना कोणी पालीचं पोट फाडत नाही. डोनरच्या पोटावर उजव्या बरगडीखालून मोठा छेद घेतात, रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका अर्ध्यावर कापून बंद करतात, सहा ते दहा तास ती टेबलावर असते. नंतर रक्तस्राव होऊ शकतो. कापलेल्या जागेतून पित्त गळू शकतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. क्वचित उरलेलं लिव्हर पुरं पडत नाही. आणि क्वचित, फार क्वचित, डोनर दगावतो. जगभरात साधारण मानला जाणारा आकडा असा, की उजवा भाग देताना दोनशे ते पाचशे डोनरमागे एक मृत्यू. लहान बाळाला डावीकडचा छोटा तुकडा दिला तर धोका बराच कमी, हजारात एकाच्या आसपास. मृत्यू सोडून बाकीची गुंतागुंत मात्र अजिबात दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या नऊ मोठ्या केंद्रांनी मिळून डोनरवर लक्ष ठेवलं, तेव्हा दर दहापैकी जवळपास चौघांना काही ना काही झालं होतं. बहुतेकांचं किरकोळ, औषधाने बरं होणारं. पण काहींचं तसं नव्हतं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. हॉस्पिटलने सांगितलं होतं. एका छोट्या खोलीत, वीस मिनिटांत, निम्मं इंग्रजीत. डॉक्टर म्हणाले, पाचशेत एखाद्याला जिवाचा धोका असतो. वहिनींनी विचारलं, "तो एक कोण, ते आधी कळतं का?" डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

मग कागद. नवरा-बायकोचं दान असेल तर वेगळा फॉर्म असतो, लग्नाचा पुरावा लागतो. दादाचं लग्न १९९९चं, गावातल्या मांडवात, नोंदणी कोणी केली होती? पत्रिका शोधली, फोटोचा अल्बम शोधला, ग्रामसेवकाचा दाखला, तहसीलला चार खेपा. पत्रकार असल्याचा तिथे उपयोग झाला. सगळे म्हणाले, भाऊ, तुझी धावपळ मोठी. त्या धावपळीत मी डोनरसाठी काय केलं, तर तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढली.

समितीपुढे मुलाखत झाली. कायदा १९९४चा, २०११ मध्ये सुधारलेला, आणि २०१४च्या नियमांत एक ओळ आहे जी मी खूप नंतर वाचली. डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री रुग्ण सोडून दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला घर माहीत होतं. पण त्या दिवशी ते कसं झालं? वहिनींना आत नेलं, कॅमेरा लावला, विचारलं, कोणाचा दबाव आहे का? त्या म्हणाल्या, नाही. बाहेर बाकड्यावर आई, मी, मुलगा आणि दादाची पाणी भरलेली बॅग. घरून सगळं ठरवून, गाडी करून, सत्यनारायण बोलून आलेली बाई आत जाऊन काय सांगणार? समितीने विचारायचं ते विचारलं. ते घरी कोणी विचारायला हवं होतं, आणि विचारणारा एकटा मीच होतो ज्याच्याशी त्या बोलायच्या.

ऑपरेशन झालं. दादाचं उत्तम झालं. चौथ्या दिवशी तो बोलायला लागला. मी हॉस्पिटलच्या खालच्या चहाच्या टपरीवर बसून मोबाइलवरच पोस्ट लिहिली, "कलियुगातली सावित्री". अकराशे लाइक, दोनशे शेअर. एका जिल्हा दैनिकाने तशीच्या तशी छापली. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे हात जोडल्याचे इमोजी टाकले होते, आठवत असेल. सावित्री यमाशी बोलून-भांडून नवरा घेऊन आली होती हो, तिचं पोट कोणी कापलं नव्हतं. पण तेव्हा मला हे सुचलं नाही.

पोस्ट टाकली त्याच संध्याकाळी वहिनींना ताप चढला. पोटातल्या नळीतून येणारं पाणी हिरवट पिवळं दिसायला लागलं. पित्त गळत होतं. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवला. जी डोनर आठ-दहा दिवसांत घरी जाते असं सांगितलं होतं, ती पंचवीस दिवसांनी घरी आली. दादा तिच्या आधी घरी पोहोचला होता. गावात हार-फटाके त्याच्या स्वागताला झाले. ती आली तेव्हा रात्र झाली होती आणि पाऊस होता.

डॉक्टरांचा हलगर्जीपणा झाला, असं मी म्हणत नाहीये. पित्त गळणं हे माहीत असलेलं, होणारं, आणि त्यांनी वेळेवर आवरलेलं दुखणं. माझी तक्रार आमच्या घराची आहे. दादाची फाइल आता तीन बोटं जाड आहे. दर महिन्याला रक्त, दर तीन महिन्यांनी मुंबई, गोळ्यांच्या वेळेला मोबाइलवर अलार्म. वहिनींच्या फाइलमध्ये डिस्चार्जचा कागद आणि दोन रिपोर्ट. पहिल्या वर्षात दोनदा बोलावलं, त्या गेल्या. पुढे कोणी बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि दादाबरोबर जाताना "माझंही रक्त काढा" म्हणायला त्यांना संकोच वाटायचा. पैसे त्याच्याच औषधाला पुरत नव्हते.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, तीन महिने जड उचलू नये. इंग्रजीत. हे वाक्य लिहिणाऱ्याने शहापूर तालुका मे महिन्यात पाहिलेला नसणार. तानसा, भातसा, वैतरणा, मुंबई पिते ते पाणी आमच्या तालुक्यातून जातं, आणि आमच्या वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. टँकर आला की हंडे घेऊन धावायचं. भरलेला हंडा पंधरा किलोच्या खाली नसतो. त्यातून बाई वरून धडधाकट दिसते. साडीखालचा छेद कोणाला दिसतो? "नवऱ्याचं ऑपरेशन झालं, हिला काय धाड भरलीय?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आमच्याच ओट्यावर. तीन महिने त्यांनी पाळले. चौथ्या महिन्यात हंडा डोक्यावर होता, आणि जूनच्या शेवटी त्या लावणीला चिखलात वाकलेल्या होत्या. एकटी बसून खाते असं कोणी म्हणायला नको, म्हणून.

वर्षभराने छेदाच्या जागी लिंबाएवढा फुगवटा आला. खोकलं की बाहेर यायचा. कोणाला सांगितलं नाही. पदर तिथे खोचायच्या. फुगवटा मुठीएवढा झाला तेव्हा मुलीने पाहिला आणि मला फोन केला, "काका, आईच्या पोटातून काहीतरी बाहेर येतंय." हर्निया. जाळी बसवायचं ऑपरेशन ठाण्याला केलं. तो खर्च कुठल्या पॅकेजमध्ये नव्हता, कुठल्या विम्यात नव्हता. बऱ्याच पॉलिसीत डोनरचं लिव्हर काढण्याचा खर्च असतो, त्याच्या पुढची गुंतागुंत नसते. ते वाक्यही बारीक अक्षरात असतं. दुसऱ्या ऑपरेशनला मी पोस्ट टाकली नाही. अकराशे लाइकवाल्यांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि विचारणार कसे, मी सांगितलंच नव्हतं.

आता वहिनी बऱ्या आहेत. अंगात पूर्वीचा जोर नाही असं म्हणतात, छेदाभोवती बधिर आहे, थंडीत ओढ लागते. बहुतेक डोनर दोन-तीन महिन्यांत कामाला लागतात आणि पुढे नीट जगतात, हेही तितकंच खरं. माझ्या ओळखीत भिवंडीचा एक तरुण आहे, आईला लिव्हर दिलं, वर्षाच्या आत क्रिकेट खेळायला लागला. म्हणजे हे वाचून कोणी "नको रे बाबा" म्हणून पळू नये. आपल्या देशात होणाऱ्या लिव्हर ट्रान्सप्लांटपैकी बहुसंख्य जिवंत डोनरच्या जिवावर होतात. पहिलं यशस्वी झालं ते १९९८ साली दिल्लीत, बापाने दीड वर्षाच्या पोराला लिव्हरचा तुकडा दिला, आणि ते पोर पुढे स्वतः डॉक्टर झालं. ही विद्या मोठी आहे. मला बोलायचंय ते हिशेबात न धरलेल्या माणसाबद्दल.

नंतर वाचायला लागलो तेव्हा एक बातमी सापडली, ती काही दिवस डोक्यातून जाईना. न्यूयॉर्क, जानेवारी २००२. सत्तावन्न वर्षांचा एक पत्रकार, माझ्याच धंद्यातला, त्याने धाकट्या भावाला लिव्हर दिलं. देशातलं एक नावाजलेलं हॉस्पिटल, माउंट सायनाय. भाऊ वाचला. पत्रकार तिसऱ्या दिवशी संसर्गाने गेला. सरकारी चौकशीत निघालं की त्या वॉर्डातल्या चौतीस पेशंटना बघायला पहिल्या वर्षाची एकच शिकाऊ डॉक्टर होती. राज्याने हॉस्पिटलचा तो विभाग काही महिने बंद ठेवला. त्याच्या बायकोने पुढे पाठपुरावा केला, आणि डोनरची बाजू बघायला वेगळा, रुग्णाच्या टीमशी संबंध नसलेला माणूस हवा, हा विचार तिथे रुजला. २००७ पासून तर तो अमेरिकेत सक्तीचाच झाला. त्या माणसाचं काम एकच, देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारायचं, तुला खरंच द्यायचंय का? आणि नाही म्हणालास तर घरी कारण काय सांगायचं ते आम्ही बघू. वैद्यकीय कारण सांगू, तुझं नाव येणार नाही.

हे शेवटचं मला फार पटलं. कारण आमच्याकडे नाही म्हणायला जागाच नसते. मला होती. माझं लिव्हर फॅटी होतं.

आणि मग आपल्याकडचं. पुणे, ऑगस्ट २०२५. बातमी तुम्ही वाचली असेल. डेक्कनच्या सह्याद्री हॉस्पिटलमध्ये १५ ऑगस्टला बायकोने नवऱ्याला लिव्हर दिलं. नवरा शस्त्रक्रियेनंतर लगेच गेला. बायको आधी सावरतेय असं वाटत होतं, ती २१ तारखेला गेली. आरोग्य खात्याने नोटीस काढली, कागदपत्रं मागवली. हॉस्पिटलचं म्हणणं होतं की रुग्ण आधीच फार गंभीर होता, धोक्याची कल्पना कुटुंबाला दिली होती, आणि तिच्या शरीरात नंतर संसर्ग पसरून अवयव निकामी होत गेले. दोष कोणाचा, हे मी शहापुरात बसून सांगणार नाही. पण ती बातमी घरात टीव्हीवर लागली तेव्हा वहिनी भाजी निवडत होत्या. हात थांबले. म्हणाल्या, "बघा, तो एक कोण ते आधी कळत नाही." दादा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गोठ्यात बसून राहिला.

थोडे आकडे देतो, मग संपवतो. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंतपणी अवयव दिलेल्यांची नोटो या सरकारी संस्थेकडची संख्या ५६,५०९. किडनी-लिव्हर सगळं धरून. त्यात बाया ३६,०३८. आणि ज्यांना अवयव मिळाले, त्यांत बाया १७,०४१. म्हणजे देणारी बाई, घेणारा पुरुष, हे आमच्या एका घराचं नाही. आपण त्याला प्रेम म्हणतो, त्यात प्रेम असतंही. पण ज्या घरात ती आजारी पडली असती, तिथे कोणाचं लिव्हर फॅटी निघालं असतं आणि कोणाची नोकरी आडवी आली असती, हे ज्याने-त्याने स्वतःच्या घरापुरतं आठवून बघावं. २०२५ मध्ये नोटोने राज्यांना कळवलं की प्रतीक्षा यादीत बायकांना आणि आधीच्या दात्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावं. चांगलं झालं. केंद्र सरकारच्या नोकरांना अवयव दिल्यावर ४२ दिवसांची खास रजा मिळते, २०२३ पासून. तेही चांगलं. पण मुरबाड एमआयडीसीतल्या ठेकेदाराच्या कामगाराला किंवा लावणीला जाणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार?

मुरबाडच्या पोराला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, पोस्ट टाकतो, आजच टाकतो. पण एस्टिमेट पंचवीसचं नाही, सत्तावीसचं कर. वरचे दोन लाख काकींच्या नावाने वेगळे ठेव, त्याला हात लावायचा नाही. त्यांना पुन्हा ॲडमिट करायची वेळ आली तर, आणि सहा महिने घरात कामाला बाई ठेवायला. हॉस्पिटलला विचार की त्यांच्याकडे आजवर किती डोनर झाले, किती जणांना दुसऱ्यांदा ऑपरेशनला न्यावं लागलं, एखादा दगावला का. प्रश्न विचारला म्हणून कोणी हाकलून देत नाही, दिलं तर हॉस्पिटल बदल. काकींना किती टक्के लिव्हर उरणार तो आकडा कागदावर घे. त्यांना समजावताना मराठीत सांगा म्हण, आणि त्या वेळी तू आणि तुझी आजी दोघं खोलीच्या बाहेर थांबा. वर्षानंतरही काकांच्या प्रत्येक तपासणीला काकींचं रक्त तपासायचं, हे आत्ताच लिहून ठेव. काकांचं नाव यादीतही घातलंय ना, तेही बघ. मेंदूमृत माणसाचं मिळालं तर काकींना कापायची गरजच नाही.

पोरगं शांतपणे ऐकत होतं. मग म्हणालं, "दादा, घरातल्या पुरुषांत कोणाची तपासणी झालीच नाही. काकी लगेच हो म्हणाल्या ना."

"तुझं वय काय?"

"चोवीस."

मी काही बोललो नाही. तोही काही बोलला नाही. मग म्हणाला, रक्तगट बघून घेतो.

पोरांनो, त्याला कोणी काही म्हणू नका. तो देईल की नाही हा त्याचा प्रश्न आहे, आणि नाही म्हणाला तरी तो वाईट ठरत नाही. मी हे लिहिण्याच्या लायकीचा आहे का, हाही प्रश्न आहेच.

संध्याकाळी त्याने काकींकडे फोन दिला. मी ओळख सांगितली, म्हटलं, काकी, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, माझ्या वहिनींनी दिलंय, त्यांनाच फोन देतो. मी मोबाइल वहिनींच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. पाऊण तास चालला फोन. आतून मध्येच हसल्याचा आवाज आला, मध्ये बराच वेळ काहीच आलं नाही. एवढंच ऐकू आलं, "हंडा? नाय, वरसभर नाय उचलायचा. कोन काय बोलंल ते बोलू दे."

काकांची पोस्ट खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. क्यूआर कोड पोराने दोन दिलेत. दुसरा काकींच्या नावाचा आहे.